अप्पांची फ्रान्सची जनावरं

बिदरात मला पहिलं छप्पर दिलं ते आमच्या घरमालक अप्पांनी, म्हणून त्यांची आठवण आधी, बाकीचं मागून. अख्ख्या हैदराबाद राज्यात फ्रान्सच्या जनावरांना जेवणाखाण्याचं विचारणारा दुसरा माणूस झाला नसेल.

मी कोकणातला, सहावीत शाळा सुटलेला, मोटार अड्ड्यावर तिकिटं फाडायला आलेला. एकट्या परक्या पोराला खोली कोण देणार? दारोदार फिरून थकलो. अप्पांनी ना जात विचारली ना गाव. "जनावराला भेतोस का?" एवढंच. मला वाटलं, म्हैस असेल. "नाही," म्हणालो. दार उघडलं तर कोनाड्यातून बिबट्या माझ्याकडे बघत होता. ब्राँझचा, पण ते कळेपर्यंत मी परत अंगणात पोचलो होतो.

अप्पांचा धंदा मोडीचा, म्हणजे जुना धातू वजनावर घेऊन वितळवायचा. जहागिऱ्या गेल्या तसं जहागीरदारांच्या देवड्यांमधलं, म्हणजे वाड्यांमधलं, सामान वजनावर निघालं, त्यात फ्रान्सहून आणलेली ही ब्राँझची मंडळी आली: बिबट्या, तोंडात पाखरू धरलेला शिकारी कुत्रा, दोन हरणं, पाठीवर घड्याळ वाहणारा हत्ती आणि पोटात शाई ठेवणारा एक बेडूक. अप्पांनी घेतली होती घंटा ओतायला. "पैला बिबट्याच उचलला भट्टीत टाकायला. पन त्यो माझ्याकडं बघायलाय की! कसा टाकू?" म्हणून सगळा कळप घरी आला. अप्पांची बायको वारलेली, लेक गुलबर्ग्याला दिलेली. घर इतकं गप्प असायचं की कोपऱ्यातल्या हत्तीची टिकटिक माजघरापर्यंत ऐकू यायची. अप्पा माझ्याशी मराठी बोलत, लेकीशी कन्नड आणि जनावरांशी अदबशीर उर्दू. का, तर "फ्रान्सची हायती, मराठी कुठली कळनार? पन दरबारात ऱ्हायलेली. उर्दू कळतीच." जेवताना मला "वाढू का?" विचारून झालं की कुत्र्याकडे वळून "और आप?" म्हणत. हरणांना ऊन लागू नये म्हणून खिडकीला धोतर बांधत. मला ताप भरला तेव्हा घरी कळवायची हिंमत होत नव्हती. अप्पांनी तो जड कुत्रा उचलून माझ्या उशाशी आणून ठेवला. "मला झोप लागती रं. ह्याला न्हाई लागत." मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

मग त्यांच्या जावयांनी हैदराबादचं एक गिऱ्हाईक शोधलं, सगळा कळप एकदम घेणारं. जावयाला नाही म्हणायची अप्पांच्या घरात रीत नव्हती. ते दोन दिवस जेवले नाहीत, बोलले मात्र एवढंच, "पोरी दाखवायच्या तर न्हाऊमाखू घालून दाखवाव्या." गिऱ्हाईक यायचं त्या सकाळी अंगणात चिंच आणि राख घेऊन बसले. दुपारपर्यंत बिबट्या घासलेल्या कळशीसारखा लखलखत होता. वर खोबरेल तेलाचा हात.

गिऱ्हाईक आत आलं आणि उंबऱ्यावरच मटकन बसलं. "चाचा, ये क्या करे जी तुम? सौ बरस का रंग धो डाले!" त्या जुन्या तपकिरी रंगालाच मोल होतं म्हणे, चकाकीला नव्हे. जावई संतापले, "मामा, कामून केलं हो असं?"

"म्हातारा मानूस मी. घान दिसली, घासली."

गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं. ज्या बिदरात बिदरीच्या भांड्यांना किल्ल्याची माती लावून धातू मुद्दाम काळा करतात, तिथं धातूत जन्म काढलेल्या माणसाला रंगाचं मोल ठाऊक नसेल? मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते बिबट्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. "वळखू येईना झालाय," म्हणाले. मग हळूच, "दुखलं आसंल का रं त्याला?"

गेल्या वर्षी अप्पांची नजर गेली. लेकीनं, आमच्या अक्कांनी, त्यांना गुलबर्ग्याला नेलं. तिथं जनावरांना जागा नाही, म्हणून ती इथंच, अप्पांच्या घरात, माझ्यापाशी. मी भेटायला जातो तेव्हा ते एकेकाची खुशाली विचारतात, अन् माझी सगळ्यात शेवटी. "चला की अप्पा बिदरला," म्हटलं की अक्का म्हणतात, "तू पहाटे जातोस, राती येतोस. आंधळ्या मानसाला कुनाच्या भरवशावर ठिवू?" बरोबरच आहे त्यांचं.

नोकरी अजून कच्ची आहे, उद्याची धास्ती रोजची. पण ती पक्की होऊ दे, लग्न होऊ दे, घरात चूल पेटू दे. मग मी अक्कांच्या दारात उभा राहून म्हणणार आहे: आता आमच्याकडे माणसं आहेत, अप्पांना परत द्या.