कात्री चालवता येईना

पौडच्या एसटी स्टँडपासून दोन मिनिटांवर माझं शिलाईचं दुकान आहे. आधी ते अब्बांचं होतं. सतराव्या वर्षापासून मी तिथं शर्ट-पँट आणि शाळांचे गणवेश शिवत आलो. पंचेचाळिशीत एका सकाळी कापडावर खडूच्या रेघा मारून झाल्या आणि कात्री काही चालवता येईना. मला वाटलं, खांदा धरला असेल.

खांदा ठीक होता. मशीनवर बसलो की पाय आपोआप चालत. पण कापायचं म्हणजे आधी ठरवायचं, आणि मला काहीच ठरवता येत नव्हतं. चहा घ्यायचा की नाही, हेसुद्धा. मी रेघा पुसायचो, पुन्हा मारायचो आणि संध्याकाळी कापडाची घडी फळीवर ठेवून द्यायचो.

भरे गावच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं शर्टाचं कापड असंच पडून होतं. ते तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना फळीवर ते दिसलं.

"मास्तर, ह्याला तर कात्रीबी लागली न्हाई. द्या हिकडं."

कापड काखेत मारून ते निघून गेले. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं कुणी परत गेलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती, पण मला सुटल्यासारखं झालं. सगळ्यांनीच आपापली कापडं उचलून न्यावीत, असं मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग, मीही नसलो तर किती बरं, असंही. त्या विचाराला मी घाबरलो. कुणालाच काही बोललो नाही.

पहाटे फार लवकर जाग यायची आणि छातीवर दडपण असायचं. पिरंगुटला जाऊन हृदयाचा आलेख काढला. तो व्यवस्थित निघाला, पण रक्तदाब वाढलेला होता. त्याची गोळी सुरू झाली. दडपण होतं तिथंच राहिलं. जेवण मातीसारखं लागायचं. मी स्वतःच्या पँटची कंबर दोनदा आत घेतली, तरी आपण वाळत चाललो आहोत हे माझ्या ध्यानात आलं नाही. ते बायकोच्या आलं. कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "अहो, एवढी बारीक कंबर तर लग्नातसुद्धा नव्हती तुमची."

तिनं दर्ग्यात मन्नत मानली. मोठा भाऊ म्हणाला, "तुला कमी काय आहे? दुकान आहे, घर आहे. नमाज धर, सगळं ठीक होईल." नमाजला मी जात होतोच. सजद्यात डोकं टेकवलं की पुन्हा वर उचलू नये असं वाटायचं. मागच्या रांगेतल्यांना वाटे, हा किती मनापासून करतो.

शेवटी आमच्या भागात घरोघरी फिरणाऱ्या आशा आरोग्यसेविका ताईंनी बायकोला सांगितलं की तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. बायकोनं मला विचारलं नाही. "उद्या दुकान बंद ठेवायचं," एवढंच म्हणाली.

डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या होत्या. त्यांनी झोपेचं, भुकेचं, कामाचं विचारलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "जगू नये असं वाटतं का?"

बायको शेजारीच बसली होती. मी जमिनीकडे पाहत "हो" म्हणालो. तिनं माझ्या हातातली फाइल काढून आपल्या मांडीवर घेतली.

"पण माझं कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "धंदा बरा चाललाय. मग हे कशानं झालं?"

"कधी कारण सापडतं, कधी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा रक्तदाब कशानं वाढला, ते कळेपर्यंत गोळी थांबवली होती का तुम्ही? हाही आजारच आहे. यानं झोप जाते, भूक जाते, अंग दुखतं. आणि यावर उपचार आहे. फक्त मी देते त्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मधेच सोडायची नाही. जगू नये असा विचार पुन्हा आला, तर त्याच दिवशी यांना सांगायचं आणि इकडे यायचं."

पहिले दिवस वाईट गेले. तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं. तिसऱ्या आठवड्यात झोप परतली. नंतर एका दुपारी मेथीची भाजी खारट लागली आणि मी तसं बोलून गेलो. बायको ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

दवाखान्यातच एक समुपदेशक ताई होत्या. दर पंधरा दिवसांनी त्या माझ्याशी तासभर बोलायच्या. त्यांनी काम दिलं ते असं: रोज सकाळी चालायचं आणि रोज एकच गोष्ट कापायची, चुकली तरी चालेल अशी. मी जुन्या चादरींचे उशीचे अभ्रे कापायला लागलो. चार सरळ रेघा, बस. पहिला अभ्रा तिरका गेला. महिन्याभरात घरात उशांपेक्षा अभ्रे जास्त झाले. मग शर्टाच्या बाह्या कापल्या आणि नंतर अख्खा शर्ट.

तीन महिन्यांनी मला वाटलं, आता बरा झालो. कुणाला न सांगता गोळी सोडली. काही आठवड्यांत पहाटेचं ते दडपण परत आलं. बायकोला कपाटात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं सापडली. ती ओरडली नाही. "मला का नाही सांगितलं?" म्हणाली. आम्ही त्याच आठवड्यात परत डॉक्टरांकडे गेलो.

पुढे दीड वर्ष गोळी चालली. मग डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत बंद केली. वजन भरलं, रक्तदाब आटोक्यात आला. मात्र हा आजार पुन्हा येऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून आम्ही दोघांनी ठरवून ठेवलंय. मी दाढी करायची सोडली, फोन उचलायचा टाळायला लागलो किंवा प्रत्येक गोष्टीला "तूच ठरव" म्हणायला लागलो, तर तिनं माझं काही ऐकायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. मागच्या महिन्यात दोन दिवस दाढी राहिली होती. तिनं विचारलं. ब्लेड संपलं होतं. तरी ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मला त्याचा राग आला नाही.