आबांनी काढलेलं झाड

माझ्या मामांनी माझ्या आईला फसवलं, आणि त्यासाठी लागणारी वंशावळ आबांनी काढून दिली.

आबा आमच्या नात्यातले नाहीत. कुसगावात मी स्वतःच्या हिमतीवर हॉटेल उभं केलं, तिथे ते रोज चहाला येतात. चहा बशीत ओतून शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतात, "तुमी कुणाच्यातले?" त्याला आजोबांपलीकडचं आठवलं नाही की आबा खूश होतात. जुने कागद आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळवून ते घराण्यांची झाडं काढतात. भाजीवाल्याशी मी रोज भावावरून भांडते, पण आबांपुढे कधी आवाज चढवला नव्हता.

आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, वारले. त्यांच्या औंढ्याच्या जमिनीला वारस लावण्यासाठी आबांनी काढलेल्या झाडात तिन्ही मामा होते, आई नव्हती.

"आबा, आईचं नाव कुठंय?"

"अगं, ती सासरी गेली न्हाई का?"

"सासरी गेली, मेली नाही."

"तिचं झाड आता घोरावाडीला, तुज्या बापाकडं."

ते झाडही आबांनीच काढलेलं. मी त्यांना ते पिशवीतून काढायला लावलं. त्यात वडील होते, माझा भाऊ होता. आई तिथेही नव्हती, मीही नव्हते.

"बायका लिवायची पद्धत न्हाई, पोरी," म्हणत आबांनी शांतपणे बशी उचलली. मी ती हातातून काढून घेतली.

माहेरी नाही, सासरीही नाही, मग आम्हा भावंडांना जन्म कुणी दिला? आबांनी आणि मामांनी औंढ्याच्या चावडीवर, आईला समोर बसवून, याचं उत्तर द्यावं.