मुग्धाची उडी दोन फूट कमी पडली

आज मयूर विहारला आमचा फँटसी गेम रंगला होता, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र चालवायचा कल्पनेतला खेळ. खेळ मी चालवतो, त्यामुळे निकालही माझाच. मुग्धाच्या बाबांची शिलाँगला बदली झालीय, म्हणून आज तिचा शेवटचा डाव.

दरी ओलांडली की मोहीम संपणार होती. तिच्या योद्ध्याने उडी मारली. नियमाप्रमाणे उडी ताकदीवर ठरते; त्याच्या ताकदीच्या हिशेबाने ती दोन फूट कमी पडली.

"यार, आज तरी सोड ना," सोबत खेळणारा रोहन म्हणाला.

मी सोडलं नाही. पडल्यावर किती लागलं, ते फासे ठरवतात. मुग्धाने ते टाकले. योद्धा वाचला, पण दरीच्या तळाशी.

"बिल्कुल ठीक," ती म्हणाली. "आता शिलाँगहून ऑनलाइन खेळत वर चढेन."

सूट दिली असती, तर आजच निरोप झाला असता. तुम्ही दिली असती?