चौकातल्या फलकावरचे गव्हर्नर

माझ्या वडिलांना आमदार व्हायचं होतं. इथूनच सुरुवात केलेली बरी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमच्या तालुक्याच्या गावाचे ते नगराध्यक्ष होते. मुदत संपली तशी विधानसभेच्या तिकिटासाठी त्यांनी पक्षाच्या जिल्हा कार्यालयात खेटे घालायला सुरुवात केली. मी तेव्हा फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नला सॉफ्टवेअर कंपनीत होते. रविवारी माझा घरी फोन जायचा. काय काय विचारायचं ते मी आधी लिहून ठेवायचे: आईचे गुडघे, औषधं, गॅसचा नंबर. माझं उरकलं की बाबा विचारायचे, "आणि आपला महापौर काय म्हणतोय?"

हा महापौर मीच त्यांना मिळवून दिला होता. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात होतं आणि तिकडचे सहकारी त्यांच्या महापौराबद्दल सतत बोलायचे. तरुण माणूस, आधी नगरसेवक. गुन्ह्यांसाठी बदनाम झालेलं शहर त्याने हातात घेतलं. दर आठवड्याला एकेका खातेप्रमुखाला समोर उभं करायचा, पडद्यावर आकडे लावायचा आणि विचारायचा, मागच्या वेळी सांगितलेले खड्डे बुजले का? मला अशी माणसं आवडतात. बाबा नगराध्यक्ष होते तेव्हाच मी कौतुकाने त्यांना हे सांगितलं होतं, तर त्यांनी नगरपरिषदेत सोमवारची बैठक सुरू केली. पडदा नव्हता, शाळेतून फळा आणला. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर दुसऱ्याच सोमवारी आजारी पडले.

पुढे तो महापौर राज्याच्या निवडणुकीला उभा राहिला आणि गव्हर्नर झाला. बाबांनी पेढे वाटले. गावातले लोक म्हणाले, राज्यपाल झाला म्हणजे आता फिती कापत बसणार. बाबा चिडायचे. "अरे, तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री! नगरसेवक, महापौर, थेट मुख्यमंत्री. मी तर नुसती आमदारकी मागतोय."

निवडणुकीच्या वर्षी उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे आले होते. तिकिटांचं ठरायला अवकाश होता. नेमके त्याच वेळी गव्हर्नर आपल्या राज्यासाठी गुंतवणूक मागायला जर्मनीत आले आणि आमच्या कंपनीने त्यांचा स्वागत समारंभ ठेवला. घरच्या एका माणसाला आणायची मुभा होती. मी बाबांना बसवून नीट सांगितलं. शाल नाही, नारळ नाही, हार तर नाहीच. हात मिळवायचा, नमस्कार म्हणायचं, बाजूला व्हायचं.

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे का?"

एस-बान लोकलमध्ये त्यांनी कोट काढला नाही. उकडतंय म्हटलं तर म्हणाले, असू दे. आमचा नंबर आला आणि कोटाच्या आतून शाल निघाली. दोन सुरक्षारक्षक पुढे सरकले. माझा बॉस माझ्याकडे बघत राहिला. गव्हर्नर मात्र मुरलेले. त्यांनी सराईतपणे मान वाकवली, शाल अंगावर घेतली आणि फोटोसाठी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सांग त्यांना, मीपण महापौर होतो," बाबा म्हणाले. मी सांगितलं. गव्हर्नर हसून काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम महापौरपदाचंच होतं."

"ते राहू दे गं. वर कसं जायचं ते विचार."

मागे रांग खोळंबली होती. मी ‘थँक यू’ म्हणून बाबांना कोपराला धरून बाजूला नेलं. घरी माझ्या मुलीने फोटो बघितला आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "पाइनलिश, आजोबा!" बाबांनी अर्थ विचारला. लाज वाटण्यासारखं, असं मला सांगवेना. नातीला आवडलाय, म्हटलं.

बाबा परत गेले. काही आठवड्यांनी बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या स्क्रीनवर आमच्या गावचा चौक होता, आणि चौकात मावेल एवढा फ्लेक्स. आमच्याच भागातल्या कुणीतरी गंमत म्हणून तो फोटो मेलवर फिरवला होता आणि तो फिरत फिरत मुख्य ऑफिसात पोचला होता.

"इथे काय लिहिलंय?"

मी वाचू लागले. वर पक्षाचे नेते, मधे बाबा हात जोडून. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत तालमीचे वस्ताद, मग शाल पांघरलेले गव्हर्नर, मग रिक्षा संघटनेचे अध्यक्ष, आणि टोकाला मी. माझ्या नावाखाली आमच्या कंपनीचा लोगो.

"शुभेच्छुक म्हणजे?"

"बाबा निवडून यावेत असं ज्यांना वाटतं ते."

"म्हणजे आपल्या कंपनीला तसं वाटतं? आणि गव्हर्नरांनाही?"

"फलकाप्रमाणे," मी म्हटलं.

तो हसला नाही. गव्हर्नरांच्या कार्यालयाने मुख्य ऑफिसला लेखी विचारणा केली होती. बोर्ड उद्या सकाळपर्यंत उतरला नाही, तर प्रकरण वकिलांकडे जाईल आणि तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही, असं त्याने सरळ सांगितलं.

मी पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला. गावी दुपार कलली होती.

"बाबा, बोर्ड उतरवा. आजच."

"उद्या मुंबईहून पक्षाचे निरीक्षक येतायत. त्यांच्या अहवालावर तिकीट आहे. परवा उतरवतो."

"गव्हर्नरांना विचारलं होतंत का?"

"शुभेच्छुकाला कोण विचारतं? त्यांनी आपणहून हात धरला ना माझा? अगं, तिकीट मागणाऱ्या त्या दुसऱ्याच्या बोर्डावर बघ कोण आहे. त्याचा मेहुणा! आणि माझ्या बोर्डावर बघ!"

"बाबा, माझी नोकरी जाईल."

फोन तोंडापासून दूर धरून ते कुणावर तरी ओरडले, "शिडी आणा रे!"

पुढचं आईने सांगितलं. पानाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं, "काय साहेब, गव्हर्नर फुटले वाटतं दुसऱ्या पक्षात?" सगळा चौक हसला. बाबा म्हणाले, नवीन मोठा बोर्ड येतोय. कुणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी निरीक्षकांची गाडी त्याच चौकातून गेली. तिकीट मेहुणेवाल्याला मिळालं. बोर्ड राहिला असता तर बाबांना मिळालं असतं, असं मी कधीच मानलं नाही. त्या माणसाचं वरती आधीच ठरलं होतं. पण टपरीवरचं ते हसणं मी ऐकलेलं नसूनही अजून आठवतं आणि मान खाली जाते.

तिकीट जाहीर झालं त्या संध्याकाळी मी फोन केला. बाबांनी तो विषय काढला नाही. "ती बांबूची मेल पोचली ना तुझ्या साहेबाला? झालं ना काम?"

"झालं."

"मग बरं."

बोर्ड उतरवला त्याच दिवशी पुरावा म्हणून त्यांनी सायबर कॅफेतून मला फोटो पाठवला होता. मी तो उघडून न बघताच बॉसला पुढे धाडला होता. आता उघडला. रिकाम्या बांबूंच्या चौकटीशेजारी, निरीक्षकांसाठी इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या कपड्यांत, बाबा कॅमेऱ्याकडे बघत हात जोडून उभे होते.