अर्ध्या मिनिटाची हाक

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढलेल्या काकांना हेवा वाटत होता तो एका तळहाताएवढ्या यंत्राचा, आणि त्याहून जास्त ते यंत्र आणणाऱ्या नव्या बाईंचा. यंत्रावर जळतो असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून ते घरी बायकोला सांगत, "त्या पोरीला काही येत नाही."

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?" बायको विचारी.

दुखायला कारण होतं. गरम पाणी थंड कसं होतं, हा प्रयोग नववीला असे. चंचुपात्रात उकळतं पाणी, त्यात थर्मामीटर आणि टेबलाच्या टोकाशी घड्याळ घेतलेले काका. दर अर्ध्या मिनिटाने ते "घ्या" म्हणत, की चाळीस डोकी एकदम पाऱ्यावर वाकत. शिकवायचे शिक्षकच, पण तेवढा अर्धा तास वर्ग काकांचा. बाकी वर्षभर बाटल्या धुणं आणि फुटक्या काचा गोळा करणं होतंच.

नव्या बाईंनी यंत्राची सळई पाण्यात बुडवली, वेळेनुसार नोंद घेणारा मोड निवडला, अर्ध्या मिनिटाचं अंतर भरलं आणि खुशाल हात झटकले. यंत्र आपलं आपण तापमानाचे आकडे घेत बसलं. पडद्यावर रेघ उतरू लागली तशी पोरं बाईंभोवती गोळा झाली. काका घड्याळ धरून उभेच. त्यांना कोणी "बाजूला व्हा" सुद्धा म्हटलं नाही.

हेव्यापायी काका शिकले मात्र झकास. बाईंच्या खांद्यावरून चोरून बघत आठवड्याभरात त्यांनी सगळे मोड पाठ केले. त्यातला एक त्यांना फारच आवडला. त्यात यंत्र आकडा दाखवतं, पण बटण दाबल्याशिवाय साठवत नाही. म्हणजे कधी दाबायचं ते सांगायला कोणीतरी लागणारच.

मुख्याध्यापिका वर्ग बघायला येणार होत्या त्या सकाळी नव्या बाई यंत्र लावून ठेवून खडू आणायला गेल्या, आणि काकांनी मोड बदलला.

प्रयोग सुरू झाला. दोन मिनिटं झाली तरी पडद्यावर रेघेचा पत्ता नाही. "आधी स्वतः नीट शिकून घ्यावं," मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर म्हणाल्या. नव्या बाईंनी यंत्र उचलून पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, जरा वेळ सांगता का? मी बटण दाबते."

काकांनी घसा साफ केला. "घ्या." चाळीस डोकी वाकली. तासाच्या शेवटी पडद्यावर ठिपक्यांची झकास उतरण दिसत होती, आणि मुख्याध्यापिका जाताना म्हणाल्या, "काकांशिवाय इथलं पान हलत नाही." काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. नव्या बाईंची जिरली, याचा आनंद तर विचारूच नका.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी साळसूदपणे विचारलं, "असं कसं झालं हो, बाई?"

"मोड बदललेला होता." बाई वही आवरत होत्या. "परत बदलायला दोन सेकंद लागली असती."

"मग बदलला का नाही?"

"तुम्ही घड्याळ घेऊन उभे होतात." बाईंनी वही पिशवीत टाकली. "पुढच्या वेळी मला सांगा मात्र. मीच तसा लावून देईन."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती भांडली असती तर काकांनी घरी जाऊन सगळं तिखटमीठ लावून सांगितलं असतं. पण तिने वर्गासमोर बोलणी खाल्ली आणि त्यांचं नाव घेतलं नाही. काका ओलं चंचुपात्र पुसत राहिले. म्हणजे आजचं "घ्या" सुद्धा तिनेच दिलेलं. तिच्या जागी आपण असतो तर दिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आता त्यांना सगळ्यात जास्त हेवा वाटत होता तो याचाच.