गळ्यावरच्या दोन दोऱ्या

“हळू बोल. जोर लावलास की त्या दोन दोऱ्या उभ्या राहतेत गळ्यावर.”

“राहू द्या. सूचकाच्या रकान्यात माझी सही अन् उमेदवार म्हणून आपली सून संस्कृती, हे कशापायी, तेवढं सांगा.”

सत्यशीलाबाईंनी अर्जाची झेरॉक्स डोळ्यांसमोर उंच धरली होती. खाली बघून वाचणं त्यांना जमत नव्हतं. पुण्याला चेहरा ओढून घेण्याचं ऑपरेशन झालं त्याला पाच आठवडे झाले होते. हनुवटीखाली पट्टा आवळल्यासारखं वाटे, कानामागं बधिर होतं. कुणाकडं बघायचं तर खांद्यांसकट वळावं लागे. तशाच त्या नवऱ्याकडं वळल्या.

“परवा तुमी कागद आणले. मला मान वाकवता येईना. तुमी बोट ठेवलं तिथं मी सही केली.”

“आजवर तशीच करत आलीस की,” अमरसिंहराव म्हणाले.

ते खरं होतं. गेवराई तालुक्यातला त्यांचा गट महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा सत्यशीलाबाई जिल्हा परिषदेवर निवडून गेल्या होत्या. त्या प्रचारात फ्लेक्सवाल्यानं त्यांना इतकं गोरं आणि तरुण केलं होतं, की एका गावात बायकांनी त्यांनाच विचारलं, “बोर्डावरल्या बाई कवा येणार?” घरी येऊन हा किस्सा सांगताना त्या पोट धरून हसल्या. अमरसिंहराव हसले नाहीत. गट यंदाही राखीव निघाल्यावर ते म्हणाले, आता फ्लेक्स दुरुस्त करायचा न्हाई, चेहराच करू. बावन्नाव्या वर्षी भूल घ्यायची सत्यशीलाबाईंना भीती होती. पण पुन्हा त्या सभागृहात बसायचं होतं. पहिली तीन वर्षं त्या नुसत्या बसल्या. चौथ्या वर्षी उठून शाळांच्या संडासांबद्दल विचारलं, उत्तर मिळेना म्हणून परत विचारलं. त्या दिवशी घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या.

“डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणले, हे दोन-तीन महिन्यांनी सैल पडतं.”

“अन् मतदान पंधरा दिवसांवर हाय. असा गळा घेऊन दारोदार फिरणार? लोक काय म्हणतील?”

“ऑपरेशनची तारीख कुणी काढली?”

अमरसिंहराव मोबाइलमध्ये बघू लागले.

त्यांच्या आई तुळजाबाई बाजेवर लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तारखेचं काय इचारतीस? तू सभेत उठून बोललीस ना, तवाच ह्यानं मला सांगितलं, पुढल्या टायमाला हिला ठिवत न्हाई.”

“आई, तू गप बस.”

“बसते की. मला काय.”

संस्कृती सुपाचा वाडगा घेऊन दारात थांबली होती. पाच आठवडे तीच सासूच्या कानामागं मलम लावत होती. “मम्मी, पप्पा मला म्हणले, तुमीच नको म्हणालात. तब्येतीमुळं.”

“मी कवा म्हणले? रोज माझ्यापाशी बसत होतीस. एकदा इचारलं असतंस.”

संस्कृती वाडगा टेबलावर ठेवून तिथंच उभी राहिली.

सत्यशीलाबाईंनी गळ्यावरून हात फिरवला. स्नायूंच्या दोन्ही पट्ट्या हनुवटीपासून खाली ताठ लागत होत्या. हे दुखणं आपण ज्या जागेसाठी सोसतोय तीच काढून घ्यायची, हे ठरवूनच या माणसानं दवाखान्यात त्यांचा हात धरला होता. भूल देईपर्यंत सोडला नव्हता.

“घरातलीच हाय ना ती,” अमरसिंहराव म्हणाले. “सीट घरातच राहती. तुला इतकं कशाचं लागलं?”

सत्यशीलाबाईंनी सूप गार होण्याआधी पिऊन टाकलं, सरळ मानेनं, चमचा तोंडापर्यंत उचलून. मग तिघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, “उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस हाय. मी अपक्ष भरणार हाय. दहाला घरातून निघते. दुपारच्या जेवणाला माझी वाट बघू नका.”