नळीतली काजळी

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या प्रयोगशाळेतली क्ष-किरणांची नळी म्हणजे वीत्स्केचं लेकरू. आखलीही तिनंच, बांधलीही तिनंच. आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर इलेक्ट्रॉन आदळायचे, त्यातून मंद, मऊ किरण निघायचे, आणि ताऱ्यांचे किरण मोजायला आकाशात जाणारा डिटेक्टर त्या किरणांवर पारखला जायचा. हे किरण इतके दुबळे की हवेतच जिरतात. म्हणून नळीतली हवा पंपानं उपसावी लागे. पंप जुना, तेलाची वाफ सोडणारा. बिनतेलाचा मागितला की साहेब फोल्कर्ट म्हणायचा, "हा चालतोय ना? मग कशाला नवी थेरं?" वीत्स्केनंही फार ताणलं नाही. आपली नळी घाण होणारच नाही, हा तिचा ताठा.

डिटेक्टर अवकाशात गेला आणि मग तिनं नळी उघडली. पट्टीवर काजळी! तेलाच्या वाफेचा कार्बन. त्याचे किरण पारखीत मिसळले होते, त्यामुळे कार्बनच्या बाबतीत डिटेक्टर आहे त्याहून तीक्ष्ण ठरला होता. सोनाराचा काटाच खोटा निघाला. आता त्या डिटेक्टरला प्रत्येक ताऱ्यात कार्बन कमी दिसणार होता.

"बोंब मारून काय होणार?" फोल्कर्ट म्हणाला. "वर जाऊन पुसून येणारेस? नळी तुझी, नावही तुझंच जाईल."

वीत्स्केनं पट्टी पुसली आणि तोंडाला कुलूप लावलं. पुढं कितीतरी वर्षं तिला स्वतःची शिसारी येत राहिली.

फोल्कर्टची विद्यार्थिनी लिसबेत हिनं पीएचडी केली ती कार्बन हरवलेल्या ताऱ्यांवरच. प्रबंधाची परीक्षा भर सभेत, पण प्रश्न विचारायचा हक्क फक्त परीक्षकांना. वीत्स्के मागं ओठ चावत बसली. शेवटी विद्यापीठाचा दंडधारी शिपाई आत आला, दंड आपटून "वेळ झाली!" म्हणाला, आणि संपलं.

बाहेर बिअर आणि बिटरबॉलन, म्हणजे मांसाचे गरम तळलेले गोळे, सुरू होते. वीत्स्केनं लिसबेतला कोपऱ्यात ओढलं.

"तुझे तारे खोटे आहेत गं. माझी नळी घाण होती."

लिसबेतनं आधी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल ना! मला केव्हाच माहितीय. आकडे जुळेनात, तेव्हा फोल्कर्टनंच सांगितलं. वर म्हणाला, पदवी मिळेपर्यंत गप्प बस."

"आणि तू बसलीस?"

"तू नाही बसलीस? तुझी तर नोकरीही पक्की होती."

तेवढ्यात लिसबेतनं हसून हाक मारली, "आई, इकडं ये. ही वीत्स्के. हिच्या नळीशिवाय यातलं काही झालं नसतं."

"अभिनंदन हो, अभिनंदन!" म्हणत आई तिथल्या रीतीप्रमाणे गालाचे तीन पापे घ्यायला पुढं आली. वीत्स्केनं गाल पुढं केला.